पांढऱ्या पट्ट्याचं वय

पांढऱ्या पट्ट्याखालून लोखंड दिसायला लागलं आणि माझा हात थांबला.

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. टरेटच्या, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या बुरुजाच्या, डाव्या अंगावरचा पांढरा रंग मी ओल्या ब्रशने हलकेच खरवडत होते. टवके इतके छान निघत होते की थांबवत नव्हतं. पांढऱ्याच्या मधोमध काळपट तपकिरी लोखंड, त्याची कड वेडीवाकडी, अगदी छायाचित्रात दिसते तशी. मॉडेल दिव्याखाली धरून मी जरा लांबून पाहिलं आणि मनात नको ते गणित सुरू झालं. हा टी-३४-८५, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत रणगाडा, मी एप्रिल १९४५ मधला ठरवला होता, बर्लिनच्या वाटेवरचा. मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांना वरून ओळख पटावी, त्यांनी आपल्यावरच बॉम्ब टाकू नयेत, म्हणून तिथल्या सोव्हिएत रणगाड्यांच्या टरेटभोवती पांढरा पट्टा आणि छपरावर पांढरी फुली रंगवलेली असे. ओडर नदीकडून शेवटचा हल्ला सुरू झाला १६ एप्रिलला. बर्लिनमधल्या जर्मन सैन्याने शरणागती पत्करली २ मे रोजी. म्हणजे माझ्या रणगाड्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याचं वय फार तर दोन-तीन आठवडे.

खालचा हिरवा रंग मात्र कारखान्यातला, कित्येक महिन्यांचा. घाईघाईत ब्रशने फासलेला पांढरा रंग बुटांनी, दोरांनी, पाठीवरच्या सामानाने घासला गेला, तर त्याखाली दिसणार हिरवा. लोखंड दिसायला भिंतीचा कोपरा घासायला हवा, गोळी चाटून जायला हवी. माझ्या टरेटवर जागोजागी पांढऱ्याखाली थेट लोखंड होतं. मधले सगळे महिने मी पुसून टाकले होते.

चूक कुठे झाली ते लगेच कळलं. टवके काढायला मी हेअरस्प्रेची पद्धत वापरते. गडद तपकिरी रंगावर साधा केसांना मारायचा स्प्रे, तो वाळला की त्यावर ॲक्रिलिक रंग, आणि काही तासांनी पाण्यात बुडवलेला आखूड केसांचा ब्रश. ॲक्रिलिकचा थर सुरुवातीला पुरता घट्ट झालेला नसतो. पाणी त्यातून झिरपतं, खालचा स्प्रे विरघळू लागतो आणि वरचा रंग पोपडा सुटावा तसा सुटतो. हिरव्याखाली मी हे केलं होतं, पांढऱ्याखालीही केलं होतं. पण दोन्हींच्या मध्ये वार्निशचा हात द्यायला विसरले होते. पांढऱ्याला घातलेलं पाणी थेट तळापर्यंत गेलं, आणि दोन्ही थर एकदम सुटून आले.

पुढच्या तीन रात्री त्या टवक्यांत हिरवा रंग भरण्यात गेल्या, सर्वांत बारीक ब्रशने, एकेक टवका करून. चारच जागी लोखंड ठेवलं, आणि त्या चारही जागांचं कारण मला सांगता येतं.

आई एकदा शेजारी येऊन बसली होती. एअरब्रशने मारलेला हिरवा रंग नुकताच वाळला होता, एकसारखा, डाग नाही की ओघळ नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच मॉडेलवर मला तपकिरी पाणी सोडताना पाहिलं. "अगं, इतकं नीट रंगवलंस आणि आता हातानेच घाण करतेस?" म्हणाली. तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. आज विचारलं तर तिला टरेटच्या कडेचा हाताचा गज दाखवेन. पण तिथे पोचायला वेळ आहे.

आधी आकाराबद्दल. माझं मॉडेल १:३५ चं, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. हे प्रमाण कुठल्याही शास्त्राने ठरवलेलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या टामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. नंतर मोजलं तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला. बॅटरीच्या जाडीवरून ठरलेल्या त्या मापात आज जगभर रणगाडे, माणसं, झाडं आणि पडक्या भिंती बनतात. मला ही हकिकत फार आवडते. पण कामाच्या टेबलावर हे प्रमाण निर्दयी असतं. टी-३४ चं सहा मीटर दहा सेंटिमीटरचं धड इथे साडेसतरा सेंटिमीटर होतं. पावणेदोन मीटरचा माणूस पाच सेंटिमीटरचा. आणि ब्रशच्या टोकाने सहज पडलेला एक मिलिमीटरचा टवका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे दोन बोटं रुंद. असे शंभर टवके मारले की रणगाडा लढाईतून आल्यासारखा दिसत नाही, देवी आल्यासारखा दिसतो. माझी पहिली दोन-तीन मॉडेलं तशीच आहेत. ती मी टाकलेली नाहीत.

रंगाचंही तसंच. सोव्हिएत रणगाड्यांच्या हिरव्याला ४बीओ म्हणतात. मूळ रंगाशी तंतोतंत जुळणारी बाटली आणून मारली, तरी एवढ्याशा वस्तूवर तो काळवंडतो. मोठा रणगाडा आपण काही पावलांवरून, उघड्या उजेडात, मधली हवा ओलांडून पाहतो. मॉडेल हातभर अंतरावर असतं आणि त्यावर उजेड पडायला जागाच थोडी. म्हणून हिरव्यात थोडा पिवळा, थोडा फिकट मातकट रंग मिसळावा लागतो. वरचे आडवे पत्रे अजून फिकट ठेवायचे, चाकांमागची बाजू गडद राहू द्यायची. काही जण हे फार पुढे नेतात. प्रत्येक पत्र्याचा एक काठ उजळ आणि दुसरा काळा, जणू दर पत्र्याला स्वतःचा वेगळा सूर्य आहे. त्या कामातलं कौशल्य मला मान्य आहे, पण माझ्या डोळ्यांना ते पटत नाही. सूर्य एकच हवा.

या छंदात चालीरीती बदलत आल्या आहेत. अमेरिकेचे शेप पेन १९७० च्या दशकात किटच्या डब्यात येणाऱ्या पत्रकांतून मॉडेलभोवतीचा देखावा कसा उभारायचा ते शिकवत होते. पुढे बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्या मॉडेलांनी वॉश आणि ड्रायब्रश घरोघर पोचवले. वॉश म्हणजे पातळ केलेला गडद रंग खाचांत सोडणं, आणि ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग घासणं. मग फिल्टर आले, म्हणजे सगळ्या पृष्ठभागावर द्यायचा अगदी पातळ रंगाचा हात. पिगमेंट आले, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी. मग हेअरस्प्रे आला. प्रत्येक नवी पद्धत शिकले की मला ती सगळीकडे वापरायचा मोह होतो. हातात पद्धत असली की रणगाडा दिसेनासा होतो, हे मला उशिरा उमगलं.

सर्वांत जास्त शिकवलं ते रस्त्याच्या कामावरच्या खोदकाम यंत्राने. रणगाड्यासारखेच लोखंडी पट्टे, तसेच जाड पत्रे, तीच माती. कामगार जेवायला गेले की मी कडेला उभी राहून बघत असे. खोऱ्याचे दात आरशासारखे चकचकीत आणि त्यांच्या चार बोटं वर रंगही न गेलेला. पट्ट्याच्या कड्या आतून गंजलेल्या, पण जमिनीला लागणारा भाग घासून पांढुरका. दाराच्या कडीभोवती रंग झिजून हाताचा राप बसलेला. इंधनाच्या टोपणाखाली काळा, ओलसर ओघळ. आणि जिथे कुणाचा हात पाय लागत नाही, तिथे नुसती धूळ आणि धुळीखाली जवळजवळ नवा रंग. त्या यंत्रावर गंज मी समजत होते त्यापेक्षा फार कमी होता. जाड पोलादाचा पत्रा खरचटला की गडद तपकिरी होतो. लालभडक गंज धरतो तो पातळ पत्रा, एक्झॉस्टचं नळकांडं, नाहीतर कायमचं टाकून दिलेलं धूड.

त्यानंतर मी छायाचित्रं वेगळ्या नजरेने पाहू लागले. युद्धातली बहुतेक छायाचित्रं कृष्णधवल. त्यात हिरवा कुठला आणि तपकिरी कुठला ते कळत नाही, पण धूळ कुठे बसली आणि कुठे पुसली गेली, ते स्वच्छ कळतं.

टी-३४ चे पट्टे हा माझा सर्वांत आवडता भाग. अर्धा मीटर रुंद, मॉडेलवर चौदा मिलिमीटर. वरचा पट्टा पेलायला वेगळ्या छोट्या चाकऱ्या नाहीत, तो सरळ मोठ्या चाकांवर झोळीसारखा टेकतो. मागचं चाक दात्यांनी पट्टा ओढत नाही. त्याच्या घेरातले रूळ पट्ट्याच्या आतल्या शिंगांना ढकलतात. म्हणून ती शिंगं दोन्ही बाजूंनी घासलेली असतात आणि तिथे धातू उघडा पडतो. आणि एक गोष्ट अशी, जी मला कळल्यापासून मी दर टी-३४ वर शोधते. पट्ट्याच्या कड्या ज्या पिनांनी जोडलेल्या, त्या चालता चालता आत सरकतात. त्यांना धरून ठेवायला अडसर नाही. त्याऐवजी धडाच्या बाजूला, मागच्या चाकाजवळ, एक तिरकी पट्टी वेल्ड केलेली असते. सरकलेली पिन तिथून जाताना पट्टीवर आदळते आणि परत जागेवर ठोकली जाते. सबंध प्रवासभर, प्रत्येक फेरीला. मॉडेलवर ही पट्टी काही मिलिमीटरची, चाकामागे जवळजवळ लपलेली. तिच्यावर मी पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलं. नुसत्या डोळ्यांनी ते कुणालाच दिसणार नाही. पण पिना तिथे आदळल्या आहेत.

शिसपेन्सिल हे फार गुणी हत्यार आहे. चंदेरी रंग लावला की खेळणं वाटतं. शिशाची चमक करडी, थकलेली, घासलेल्या पोलादाची. कडांवर ते अगदी जपून वापरते.

ओतीव टरेटचा खडबडीतपणा आधीच करून ठेवला होता. प्लास्टिकवर पातळ पुट्टीचा हात देऊन ती ओली असताना ताठ ब्रशने ठोकायची. तो पोत नसेल तर पुढचं सगळं वाया जातं, कारण वॉश त्या खळग्यांतच बसतो. मग तैलरंग. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आणि काळपट हिरवा यांचे ठिपके ठेवायचे, थिनरने ओलावलेला चपटा ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. पाऊस ज्या वाटेने उतरतो त्याच वाटेने ओघळ उतरतात. वेल्डिंगच्या कडेला अडतात, तिथून बाजूला सरकतात, परत खाली येतात. खाली ॲक्रिलिक आणि वार्निश असल्यामुळे तैलरंगाचं थिनर त्यांना धक्का लावत नाही. न आवडलेला ओघळ दुसऱ्या दिवशीही पुसता येतो. हा वेळ माझा सगळ्यात शांत वेळ. तैलरंग वाळायची घाई करत नाही आणि मलाही करू देत नाही.

बाजूला टांगलेल्या इंधनाच्या गोल टाक्यांखाली डिझेलचा डाग हवा. तो गडद आणि थोडा चमकदार, कारण डिझेल पाण्यासारखं उडून जात नाही. त्यावर धूळ चिकटते, मग परत डिझेल सांडतं. मागच्या दोन एक्झॉस्टभोवती काजळी, मऊ कडांची. इथे सगळं पटापट झालं.

मग माती, आणि पुन्हा तारखांचा हिशेब.

ओडरच्या खोऱ्यातली जमीन त्या एप्रिलमध्ये दलदल झाली होती. जर्मनांनी वरच्या बाजूचं पाणी मुद्दाम सोडून ती भिजवली होती. तिथून सीलोच्या टेकड्या, मग शेवटी शहर. माझा रणगाडा शहरात आहे, म्हणजे चिखल जुना, वाळलेला, खाचांत आणि चाकांमागे घट्ट बसलेला. पट्ट्यांवरचा चिखल मात्र फरसबंद रस्त्याने केव्हाच झडवला असणार. त्याच्यावर नवी धूळ, पडलेल्या भिंतींची. चुन्याची पांढुरकी करडी आणि मध्ये विटेची तांबूस. चिखलासाठी पिगमेंटमध्ये थोडं प्लास्टर आणि ॲक्रिलिक रेझिन मिसळलं, ब्रश काडीवर आपटून ते चाकांवर उडवलं. धुळीसाठी सुकं पिगमेंट वरून शिंपडलं आणि थिनरचा थेंब टेकवला, तो आपोआप पसरतो. ओलं असताना सगळं काळं दिसतं आणि जीव घाबरतो. वाळलं की खरा रंग वर येतो. इतकी वर्षं झाली तरी तो अर्धा तास मला खोलीत बसवत नाही.

हे सगळं करताना एक विचार सुटत नाही आणि तो सुटू नये असंच मला वाटतं. ही माणसं मारायची यंत्रं होती आणि आत बसलेली माणसंही त्यांत जळून मेली. टी-३४-८५ मध्ये पाच जण असत. कमांडर, तोफ रोखणारा, गोळे भरणारा, चालक आणि त्याच्या शेजारी पुढची मशीनगन सांभाळणारा. मी गोळ्याचं भोक असलेला रणगाडा कधी केलेला नाही. करणारे करतात, त्यांतली काही कामं फार गंभीर आणि चांगली आहेत. माझा हात मात्र तिथे जात नाही. मला त्या पाच जणांचं चढणं-उतरणं तेवढं समजतं. चालक पुढच्या उतरत्या पत्र्यावरच्या झाकणातून आत जातो, तर त्या झाकणाची खालची कड त्याच्या बुटांनी घासलेली असणार. कमांडर टरेटवर चढतो तो कुठून, हात कुठे टेकतो. अशा प्रश्नांची उत्तरं शोधत मी रंग लावते.

आणि आतल्या पाच जणांशिवाय बाहेरचे. सोव्हिएत पायदळाचे सैनिक रणगाड्यांवर बसून लढाईत जात. त्यांना धरायला टरेटला आणि धडाला लोखंडी गज वेल्ड केलेले असत. चालत्या रणगाड्यावर, उघड्यावर, हातात छोटी मशीनगन, दुसऱ्या हातात हा गज. बाहेर बसलेल्यांना कसलाच आडोसा नव्हता. आईला दाखवायचा तो हाच गज. मॉडेलवर तो अर्ध्या मिलिमीटर तारेचा आहे, किटमधला जाडा वाटला म्हणून मी नवा केला. त्याची दोन टोकं, जिथे तो टरेटला वेल्ड होतो, हिरवी आहेत. मधला भाग शिशाने घासून करडा केला आहे, खालून जास्त, कारण बोटं खालून वळतात. त्याच्यामागच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाठीने, खांद्याने मळकट झालेला एक लांबट डाग आहे. तिथला पांढरा पातळ झाला आहे आणि खालून हिरवा दिसतो. त्या तीन रात्री या डागासाठीच गेल्या म्हणायला हरकत नाही.

मॉडेल पूर्ण झालं असं वाटलं त्या रात्री मी ते टेबलावर फिरवून पाहत होते. इंजिनावरच्या पत्र्यावर विटेची धूळ अगदी एकसारखी बसली होती, मनासारखी. बराच वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की असं होणार नाही. सैनिक बसत ते इथेच, टरेटच्या आडोशाला, इंजिनाच्या उबेवर. माणूस बसतो तेवढी जागा चाळीस सेंटिमीटर धरली, तर मॉडेलवर साडेअकरा मिलिमीटर. कापसाची काडी घेतली, तिचं टोक बोटांनी चपटं केलं आणि जमलेली धूळ पुसायला लागले. एक जागा टरेटच्या डाव्या मागच्या कोपऱ्याला. तिच्या शेजारी दुसरी, थोडी तिरकी. उजवीकडे तीन, अगदी दाटीने. पाय खाली सोडले तर टाचा टाकीवर लागतील, म्हणून टाकीवरही दोन छोटे पुसट फराटे.

सहावी जागा मी एक्झॉस्टच्या बाजूला पुसली. मग तिच्यावर ब्रशने थोडी धूळ परत सोडली, बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त.